माऊसवरचे जिवाणू कोणाचे?

गुन्ह्याच्या जागी बोटाचा ठसा पुसट आला, कापडावर तो उमटलाच नाही, रक्त नाही, लाळ नाही. अशा वेळी वस्तूवर उतरलेले हाताचे जिवाणू कामी येऊ शकतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये ५१ विद्यार्थ्यांचे तळहात तपासले. प्रत्येकावर जिवाणूंचे सरासरी दीडशेहून जास्त प्रकार सापडले, पण दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातांत त्यांतले जेमतेम १३ टक्के सारखे होते. एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या हातांतही १७ टक्केच!

२०१० मध्ये त्याच विद्यापीठातले नोआ फिअरर, रॉब नाइट आणि सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा उपयोग करून पाहिला. नऊ कॉम्प्युटर माऊसवरचे नमुने त्यांनी त्या-त्या मालकाच्या तळहाताशी आणि इतर २७० हातांच्या नोंदींशी ताडले. बारा तासांहून अधिक काळ कुणी हात न लावताही नऊच्या नऊ माऊस आपापल्या मालकाच्या हाताशीच अधिक जुळले.

कृती अशी: सौम्य मिठाच्या द्रावणात भिजवलेला निर्जंतुक स्वॅब (काडीला लावलेला बोळा) पृष्ठभागावर घासायचा, त्यातून डीएनए वेगळा करायचा, पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने) १६एस या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा एक तुकडा वाढवायचा आणि त्याचा क्रम वाचायचा. बशीत जिवाणू वाढवत बसायचे नाही, कारण बरेचसे तिथे वाढतच नाहीत. त्वचेवरून घेतलेले स्वॅब १४ दिवस खोलीच्या तापमानाला ठेवले तरी निकाल फारसा बदलला नाही, हे तपासाच्या दृष्टीने मोठेच सोयीचे.

घोळ होतो तो नमुना तुटपुंजा असला की. डीएनए काढायच्या किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो आणि पीसीआर तोही वाढवते. म्हणून प्रत्येक खेपेला कोरा स्वॅब सोबत चालवायलाच हवा. वस्तू चौघांनी हाताळली असेल तर सगळ्यांचे मिश्रण हाती येते. एका घरात राहणाऱ्यांचे जिवाणूही एकमेकांसारखे असतात. अँटिबायोटिक घेतले की चित्र पालटू शकते.

शिवाय १६एस जिवाणूचा वंश सांगते, फार तर प्रजाती, उपप्रकार क्वचितच. ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हा जिवाणू जवळपास सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. माणसागणिक फरक असतो तो त्याच्या उपप्रकारांत. त्यामुळे २०१७-१८ च्या सुमारास टेक्सासमध्ये न्यायवैद्यक जनुकतज्ज्ञ ब्रूस बुडोवल यांच्या गटाने जिवाणूंच्या डीएनएमधल्या २८६ खुणा एकाच वेळी वाचणारा संच तयार केला.

तरीही उत्तर ‘या संशयितांपैकी सर्वांत जवळचा कोण’ एवढेच मिळते. खरा माणूस यादीतच नसेल, तरी कुणीतरी ‘सर्वांत जवळचा’ निघणारच. दोन अनोळखी माणसे योगायोगाने किती वेळा जुळतील, हे सांगणारी मोठी लोकसंख्यानिहाय नोंद हाती येईपर्यंत हा पुरावा तपासाला दिशा देण्यापुरताच वापरावा. त्यावर कुणाला दोषी ठरवू नये.