छपरपलंगाचं छप्पर नेमकं काय करतं?

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या जाहिरातींत हल्ली एक पलंग हमखास दिसतो. चार खांब, चारही बाजूंनी सोडलेले झिरझिरीत पांढरे पडदे, आणि वर काहीच नाही. छपरपलंगातला सर्वांत कामाचा भागच त्यात गाळलेला असतो, कारण छप्पर म्हणजे नुसता श्रीमंतीचा थाट असा आपला समज झाला आहे. गोव्यातल्या चांदर गावच्या मिनेझिस ब्रागांझा या जुन्या वाड्यातले खांबांचे पलंग पाहणारेही बहुधा तेवढंच मनात ठेवून बाहेर पडतात.

थाट होता, हे खरंच. इजिप्तच्या हेतेफेरेस राणीच्या पलंगावरचा सोन्याने मढवलेला मांडव साडेचार हजार वर्षांपूर्वीचा; १९२५ साली गिझाला सापडलेल्या तिच्या कबरीत त्याचे सुटे भाग मिळाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९०च्या सुमाराचा, तीन मीटरांहून रुंद असा कोरीव पलंग आहे. पुढे फ्रेंचांनी पायथ्याचे खांब काढून छत भिंतीलाच टांगलं, तर काही पलंगांवर घुमट चढवला. पोर्तुगीजांना पीळ दिलेले, कातीव खांब आवडत. ती आवड गोव्यात आली आणि इथल्या सुतारांच्या हातून शिसवात उतरली.

पण छपराचं मूळ काम हवेशी आहे. निजलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ७० ते ८० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. युरोपातल्या थंड, दगडी खोलीत तिचा मोठा वाटा प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, थेट गार भिंतींकडे जातो. मध्ये जाड पडदा आला की तो स्वतः थोडा तापतो आणि त्यातली काही उष्णता अंगाकडे परत पाठवतो. असा एकच आडपडदा प्रारणाने होणारी हानी जवळजवळ निम्म्यावर आणतो. वर चढणारी ऊब छताखाली अडकते ती वेगळीच. तिथला छपरपलंग म्हणजे खोलीतली छोटी खोली.

गोव्यात नेमकं उलटं हवं. इथे ऊब निघून जायला हवी आणि डास बाहेर राहायला हवा. म्हणून त्याच चार खांबांवर मखमलीऐवजी मच्छरदाणी आली. कौलांतून पडणारा कचरा आणि पाली वरच्या वर अडल्या, हा जोडीचा फायदा. कल्पना मात्र फार जुनी आहे. इजिप्तच्या दलदलीतले लोक दिवसा मासे धरायचं जाळंच रात्री पलंगाभोवती लावून झोपतात, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात केली आहे.

आता डासाच्या बाजूने पाहू. अंगाला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि वर चढते. वारा नसलेल्या खोलीत निजलेल्या माणसावर असा एक अदृश्य ऊबदार स्तंभ रात्रभर उभा असतो. त्याचा वेग अगदी कमी, पण त्यात उच्छ्वास मिसळलेला असतो. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के, उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट. शिवाय बाष्प, घामातलं लॅक्टिक आम्ल आणि त्वचेवरच्या जिवाणूंनी तयार केलेले गंध. मादी डास दुरून कार्बन डायऑक्साइडच्या झुळकी पकडत वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी येते. जवळ आल्यावर ऊब आणि ओलावा तिला नेम देतात. मच्छरदाणी तिला अडवते, पण स्तंभाला अडवत नाही. तो जाळीच्या छतातून आरपार वर जातो. त्यामुळे माणसाच्या खुणा सर्वांत दाट कुठे सापडतात? छतावर!

लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी हे इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी टिपलं आणि २०१५ साली प्रसिद्ध केलं. मच्छरदाणीत माणूस निजलेला, बाहेर आफ्रिकेतले, हिवताप पसरवणारे ॲनोफिलीस गॅम्बी डास सोडलेले. त्यांची बहुतेक धडपड बाजूंवर नव्हे, निजलेल्याच्या धडावरच्या छतावर चालली होती. हॉटेलातले ते उघड्या छताचे पडदे नेमकं हेच दार सताड उघडं ठेवतात.

मे महिन्यात मच्छरदाणीत गुदमरतं, ही तक्रार खरी आहे आणि तिचंही कारण जाळीतच आहे. भोकं सव्वा-दीड मिलिमीटरची, धागा जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाच्या मंद झुळकीसाठी त्या धाग्याचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे हवेची पुढे जाण्याची ओढ तिच्या चिकटपणाच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा, फक्त ४ च्या आसपास येतो. एवढ्या लहान अंकाला हवेचा चिकटपणा जोर धरतो. प्रत्येक धागा स्वतःच्या जाडीपेक्षा कितीतरी जास्त हवा रोखून धरतो, आणि शेजारच्या धाग्यांचे हे संथ थर भोकात एकमेकांना भिडतात. म्हणून डोळ्यांना मोकळी दिसणारी जाळीही झुळूक निम्म्याहून कमी करू शकते. पंखा मच्छरदाणीच्या आत ठेवला तर फरक पडतो तो यामुळेच.

'रक्त गोड असलं की डास चावतात' हे अजून सुशिक्षित घरांतही ऐकू येतं. डास साखर नव्हे, गंध हुंगतो. आणि कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने डास पळवणारी यंत्रं व मोबाइल ॲप घेण्यात पैसे घालवू नयेत. त्यांच्या मैदानी चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने घेतला, तेव्हा चावे कमी झाल्याचं एकाही चाचणीत दिसलं नव्हतं.

गोव्यात हिवताप पसरवणारा मुख्य डास ॲनोफिलीस स्टीफेन्सी. तो विहिरी, टाक्या आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो, म्हणून त्याच्यासाठी मच्छरदाणी योग्य. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. दुपारी निजणाऱ्या तान्ह्या बाळालाही मच्छरदाणी म्हणूनच लावावी. जाळीला फाटकी जागा आहे का ते आधी छतावर तपासा, मग कडा गादीखाली खोचा. जाळी अंगाला टेकली तर डास तिच्यातूनही सोंड घालतो. उंच खांबांच्या जुन्या पलंगात ती आपोआप दूर राहते.

छतावरच्या या गर्दीचा उपयोग करून आता मच्छरदाणीच्या वर एक उभी, कीटकनाशक लावलेली जाळीची पट्टी बसवून पाहिली आहे. वर घिरट्या घालणारे डास तिला धडकतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, नेहमीच्या कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या डासांवरही तिचा परिणाम झाला. २०२० साली ते निष्कर्ष छापून आले. ही पट्टी माणसाच्या हाताला लागत नाही, त्यामुळे अंगाजवळच्या जाळीवर वापरता न येणारी कीटकनाशकंही तिच्यावर लावता येतात.