बिनतारी लहरी आणि आरोग्य : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मोबाइल आणि वायफाय राउटर यांच्या लहरींचा शरीरावर वाईट परिणाम होतो का, हा प्रश्न मोबाइलहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारचा वापर वाढला आणि त्याच्याजवळ काम करणाऱ्यांच्या प्रकृतीविषयी शंका विचारल्या जाऊ लागल्या. या लहरी शरीरातील पाण्याला ऊर्जा देऊन त्याला तापवतात, एवढे लवकरच स्पष्ट झाले. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली उष्णता सहज वाहून जात नाही. म्हणून त्या काळी मोतीबिंदूची धास्ती विशेष होती. शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकते याचा हिशेब करून जैवभौतिकशास्त्रज्ञ हर्मन श्वान यांनी १९५३ मध्ये दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॉट ही मर्यादा सुचवली आणि १९६६ च्या अमेरिकी मानकात तीच स्वीकारली गेली. सोव्हिएत संघाने मात्र दिवसभराच्या संपर्कासाठी याच्या एक हजारांश इतकी कडक मर्यादा ठेवली होती, कारण ऊती न तापताही थकवा आणि डोकेदुखी होते, असे तिथल्या वैद्यकांचे मत होते. आजच्या वादाचे मूळ या मतभेदात आहे. मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीवर अनेक वर्षे सूक्ष्मलहरी (रडारच्याच जातीच्या लहरी) सोडल्या जात असल्याचे १९७६ मध्ये जाहीर झाले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांची तुलना पूर्व युरोपातील इतर वकिलातींमधल्या कर्मचाऱ्यांशी करण्यात आली. १९७८ च्या त्या अहवालात लहरींमुळे अपाय झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

या विषयावरील गैरसमजाचा मोठा वाटा शब्दांकडे जातो, असे मला वाटते. रेडिएशन या एका शब्दासाठी मराठीत प्रारण (लहरींनी वाहून नेलेली कोणतीही ऊर्जा) आणि किरणोत्सर्ग (अणूंच्या विघटनातून बाहेर पडणारे किरण) असे दोन शब्द आहेत, पण बोलताना आपण मोबाइललाही किरणोत्सर्गच चिकटवतो आणि मग वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा उभे राहते. क्ष-किरणाचा एकच कण (फोटॉन, म्हणजे ऊर्जेचा सर्वांत लहान पुडका) रेणूतील बंध तोडू शकतो. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या राउटरच्या लहरीतील एका कणाची ऊर्जा तसा बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखाव्या भागाइतकीही नसते.

कर्करोगाची भीती घरोघरी पोहोचली ती १९९३ मध्ये. मेंदूच्या गाठीने पत्नी दगावलेल्या एका अमेरिकी गृहस्थाने तिच्या फोनला दोष देत दावा लावला होता आणि ती कैफियत त्याने दूरचित्रवाणीवर मांडली. पुराव्याअभावी दावा फेटाळला गेला, भीती मात्र राहिली. मग १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरल्या : डोक्यातील १० ग्रॅम ऊतीत शोषली जाणारी ऊर्जा सामान्य नागरिकांसाठी किलोमागे २ वॉटपेक्षा अधिक नसावी.

मोबाइल आणि मेंदूच्या गाठी यांविषयी माणसांवरचा सर्वांत चर्चित अभ्यास १३ देशांत झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदरीत धोका वाढलेला दिसला नाही, पण सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत ग्लायोमा या मेंदूतील गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आढळले. हे आकडे आठवणीवर उभे होते. दहा वर्षांपूर्वी आपण रोज किती मिनिटे आणि कोणत्या कानाला फोन लावून बोलत होतो, हे कोण नेमके सांगू शकेल? त्यातही ज्याला गाठ झाली आहे, तो कारण शोधत मागे वळून पाहत असतो. काही सहभागींनी दिवसाला बारा तासांहून अधिक बोलल्याचे सांगितले होते. तरीही शक्यता पूर्णपणे नाकारता येईना, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘२ ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. हा फरक बातम्यांमधून वाचकांपर्यंत पोहोचला नाही, याची खंत वाटते.

२०१८ मध्ये अमेरिकी सरकारी प्रयोगात, दोन वर्षे रोज नऊ तास सर्वांगावर लहरी सोडलेल्या नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या; माद्यांमध्ये तसे स्पष्ट दिसले नाही आणि लहरी सोडलेले नर इतर नरांपेक्षा जास्त जगले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले आणि मोबाइल व मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

राउटरची गोष्ट वेगळी आहे. त्याची शक्ती साधारणपणे ०.१ वॉटच्या आसपास असते आणि अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. कानाला लावलेल्या फोनच्या बाबतीत अंतराचा हा आधार मिळत नाही. शिवाय रेंज कमी असली की फोन अधिक जोराने लहरी सोडतो.

तरीही राउटरजवळ डोके दुखते, झोप उडते, असे सांगणारी माणसे आहेत आणि त्यांचा त्रास खरा आहे. लहरी चालू आहेत की बंद, हे त्यांना ठाऊक नसेल, अशा ३१ प्रयोगांचा आढावा २००५ मध्ये घेतला गेला. त्यांत एकूण ७२५ जण सहभागी होते. लहरी ओळखण्याची क्षमता त्यांच्यात असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही, आणि लहरी बंद असतानाही अनेकांचे डोके दुखले. अशा रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवणे चूक आहे. त्याच्या दुखण्याचे कारण लहरींखेरीज इतरत्र शोधायला हवे.