हेगमधली दोन न्यायालयं: पॅलेस्टाईनचा कोणता दावा कुठे चालला आहे?

‘हेगच्या न्यायालयाने इस्रायलला नरसंहारासाठी दोषी ठरवलं आणि नेतन्याहूंच्या अटकेचा आदेश काढला.’ अशा आशयाचा मजकूर तुमच्याही मोबाईलवर कधीतरी येऊन गेला असेल. या एका वाक्यात दोन वेगळी न्यायालयं एकमेकांत कालवली आहेत, आणि वाक्याचा पहिला अर्धा भाग घडलेलाच नाही.

घोटाळा होण्यासारखी परिस्थिती आहे हे खरं. दोन्ही न्यायालयं नेदरलँड्समधल्या हेग शहरात, एकमेकांपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर. एक बसतं ‘पीस पॅलेस’ या १९१३ साली अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मनोऱ्याच्या इमारतीत. ते आंतरराष्ट्रीय न्यायालय, म्हणजे आयसीजे. दुसरं समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्यांलगत, काचेच्या नव्या इमारतीत. ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणजे आयसीसी. (आपल्याकडे आयसीसी म्हटलं की आधी क्रिकेट डोळ्यांपुढे येतं, त्याला इलाज नाही.) शिवाय दक्षिण आफ्रिकेने गाझाच्या प्रश्नावर दोन्हींचं दार ठोठावलं आहे, त्यामुळे बातम्यांत नावंही तीच ती येत राहतात.

आयसीजेपुढे फक्त देश उभे राहू शकतात. आयसीसीपुढे फक्त माणसं. पहिल्यात आरोपीचा पिंजरा नाही, अटक नाही, तुरुंग नाही. एक देश म्हणतो की दुसऱ्याने करार मोडला, आणि पंधरा न्यायाधीश त्याचा निवाडा करतात. दुसऱ्यात अभियोक्ता आहे, वॉरंट आहे, कोठडी आहे, शिक्षा आहे. आपल्या भाषेत दिवाणी आणि फौजदारी म्हणा. उपमा बऱ्यापैकी बसते, फक्त दोन ठिकाणी तुटते: इथल्या ‘दिवाणी’ न्यायालयाकडे बेलिफ नाही आणि ‘फौजदारी’ न्यायालयाकडे पोलीस नाही.

आयसीजे माणसावर खटला चालवत नाही, हे महाराष्ट्राला खरं तर चांगलं ठाऊक असायला हवं. कुलभूषण जाधव मूळचे सांगलीचे. त्यांना पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने २०१७ मध्ये फाशी सुनावली, तेव्हा भारत आयसीजेत गेला आणि नागपूरचे हरीश साळवे एक रुपया मानधनावर उभे राहिले. आपण सगळे त्याला ‘जाधव खटला’ म्हणतो, पण वादी भारत होता आणि प्रतिवादी पाकिस्तान. जाधव हेर आहेत की नाहीत, हा प्रश्न न्यायालयाने ठरवलाच नाही. प्रश्न एवढाच होता, की अटकेतल्या भारतीय नागरिकाला भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला का. १७ जुलै २०१९ ला उत्तर आलं: मोडला, शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी थांबवा. सुटकेची मागणी मात्र मान्य झाली नाही. गाझाचा खटला वाचताना हीच चौकट डोळ्यांसमोर ठेवावी.

दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबर २०२३ ला आयसीजेत इस्रायलविरुद्ध दावा लावला तो १९४८ च्या नरसंहारविरोधी कराराखाली. याच कराराखाली का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. देशाला त्याच्या संमतीशिवाय आयसीजेत खेचता येत नाही. इस्रायलची संमती सापडते ती त्याने स्वतः १९५० मध्ये मान्य केलेल्या या करारात, कारण करारातला वाद आयसीजेकडे जाईल असं एक कलम त्यात आहे. म्हणजे दार उघडलं ते ‘नरसंहार’ या एकाच किल्लीने. युद्धगुन्हे, उपासमार, रुग्णालयांवरचे हल्ले हे तिथे स्वतंत्र गुन्हे म्हणून मांडता येत नाहीत. नरसंहाराच्या हेतूचा पुरावा म्हणूनच येतात. आणि हेतू सिद्ध करणं हे या कायद्यातलं सगळ्यात अवघड काम.

२६ जानेवारी २०२४ ला न्यायालयाने दिला तो अंतरिम आदेश. नरसंहाराच्या कक्षेत येणारी कृत्यं रोखा, चिथावणी देणाऱ्यांना शिक्षा करा, मदत आत जाऊ द्या, असं इस्रायलला बजावलं. ‘सकृद्दर्शनी’ हा शब्द तिथून सुटला आणि जगभर भलत्याच अर्थाने फिरला. न्यायालयाने सकृद्दर्शनी ग्राह्य मानला तो पॅलेस्टिनी लोकांचा नरसंहारापासून संरक्षण मिळण्याचा हक्क. नरसंहार झाला असा निष्कर्ष काढला नाही. त्या वेळच्या अध्यक्ष जोन डोनोह्यू यांनी पदावरून उतरल्यावर एका मुलाखतीत हे मुद्दाम स्पष्ट केलं. अंतिम निकालाला अजून अवकाश आहे.

त्या आदेशाच्या मतदानात एक नाव थांबून पाहण्यासारखं आहे. ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नसतो, त्याला त्या खटल्यापुरता एक नेमता येतो. इस्रायलने अहरोन बराक यांना नेमलं. लिथुआनियातल्या कौनसच्या ज्यू वस्तीतून लहानपणी जिवानिशी वाचलेला हा माणूस पुढे इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष झाला. नरसंहाराचा आरोप त्यांनी सपशेल फेटाळला, पण चिथावणीला शिक्षा आणि मानवतावादी मदत या दोन कलमांवर त्यांनी बहुमताबरोबर हात वर केला. भारताचे दलवीर भंडारीही बहुमतात होते. सगळ्यांनी लढाई थांबवावी आणि ओलिसांना सोडावं, असं त्यांनी वेगळ्या टिपणात लिहिलं.

आता दुसरी इमारत. आयसीसी १९९८ च्या रोम करारातून जन्मलं आणि २००२ पासून काम करू लागलं. इस्रायल सदस्य नाही, अमेरिका नाही, भारतही नाही. मग इस्रायलच्या पंतप्रधानावर वॉरंट कसं निघालं? कारण अधिकार जागेवरूनही ठरतो. सदस्य देशाच्या भूमीवर गुन्हा घडला, तर करणारा कुठल्याही देशाचा असो. म्हणून पॅलेस्टाईन सदस्य होऊ शकतं का, याच प्रश्नावर लढाई झाली. २००९ मध्ये पॅलेस्टिनी प्रशासनाने प्रयत्न केला. तुम्ही राज्य आहात की नाही हे आम्ही ठरवू शकत नाही, असं सांगून अभियोक्त्याने २०१२ मध्ये हात झटकले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाईनला ‘बिगर-सदस्य निरीक्षक राज्य’ मानलं. बाजूने १३८ मतं, त्यात भारताचं एक. आमसभेचे ठराव कुचकामी असतात असं आपण सर्रास म्हणतो. या ठरावाने मात्र बंद दार उघडलं. २०१५ मध्ये पॅलेस्टाईन सदस्य झालं, २०२१ मध्ये तपास सुरू झाला.

२१ नोव्हेंबर २०२४ ला तीन वॉरंटं निघाली: बेंजामिन नेतन्याहू, माजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट आणि हमासचा मोहम्मद दैफ. दैफवर ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यातल्या हत्या, बलात्कार, ओलीस धरणं असे आरोप होते. तो आधीच मारला गेल्याचं नंतर स्पष्ट झालं आणि त्याची फाईल बंद झाली. हमासचे नेते इस्माईल हनिये आणि याह्या सिनवार यांच्यावरही वॉरंट मागितलं होतं. ते निघण्याआधीच दोघं मारले गेले. नेतन्याहू आणि गॅलंट यांच्यावरचा मुख्य आरोप उपासमारीचा युद्धाचं हत्यार म्हणून वापर केल्याचा. अन्न, पाणी, औषधं, इंधन, वीज गाझातल्या नागरिकांपासून जाणूनबुजून तोडल्याचं मानायला पुरेसा आधार आहे, असं न्यायाधीशांनी म्हटलं.

या वॉरंटांत नरसंहार हा आरोपच नाही. म्हणजे ज्या न्यायालयात नरसंहाराचा दावा आहे तिथे आरोपी कुणी माणूस नाही, आणि जिथे माणूस आरोपी आहे तिथे नरसंहाराचा आरोप नाही. सुरुवातीचं ते वाक्य दोन्ही टोकांनी चुकतं ते असं.

दोन वाटा वेगळ्या असण्याचा परिणाम बोस्नियात दिसला आहे. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. सर्ब सेनापती रात्को म्लाडिचला त्यासाठी नरसंहाराबद्दल जन्मठेप झाली, ती युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या खास लवादात. आयसीजेने मात्र २००७ मध्ये सर्बिया या देशाने नरसंहार केल्याचं मान्य केलं नाही. तो रोखला नाही आणि दोषींना शिक्षा व्हावी म्हणून त्या लवादाला सहकार्य केलं नाही, एवढाच ठपका ठेवला. कत्तल तीच, पण माणूस दोषी आणि देश जवळजवळ सुटला. गाझाबाबत उलटंही होऊ शकतं, किंवा दोन्हीकडे काहीच सिद्ध होणार नाही असंही.

अंमलबजावणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ती फार नाही. आयसीजेचा निकाल मोडला तर तक्रार सुरक्षा परिषदेत, आणि तिथे अमेरिकेचा नकाराधिकार. आयसीसीचं वॉरंट सदस्य देशांच्या मर्जीवर. एप्रिल २०२५ मध्ये नेतन्याहू बुडापेस्टला गेले तर हंगेरीने त्यांना मानवंदना दिली आणि न्यायालयातूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेने अभियोक्त्यावर आणि अनेक न्यायाधीशांवर निर्बंध लादले. हेगमध्ये कुणाला ताबडतोब न्याय मिळेल, या भ्रमात कुणी राहू नये.

तरीही दोन्हींमधलं पॅलेस्टिनी हक्कांसाठी जास्त वजनाचं काय, असं कुणी विचारलं तर मी वॉरंटांकडे बोट दाखवणार नाही. दाखवीन ते १९ जुलै २०२४ च्या एका कागदाकडे, ज्याची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर गेली. आयसीजेचं दुसरं काम म्हणजे आमसभेने विचारलेल्या कायदेशीर प्रश्नावर मत देणं. २००४ मध्ये असंच मत आलं होतं, इस्रायलने वेस्ट बँकेत बांधलेल्या भिंतीबद्दल: ती बेकायदा आहे, १४ विरुद्ध १. (त्याच्या नऊच दिवस आधी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे पुन्हा बराक यांनीच, भिंत कायदेशीर मानून तिचा सुमारे ३० किलोमीटरचा भाग मात्र गावकऱ्यांवर अन्याय करणारा म्हणून रद्द केला होता.) २०२४ चं मत भिंतीवर थांबत नाही. व्यापलेल्या पॅलेस्टिनी भूमीवरची इस्रायलची उपस्थितीच बेकायदा आहे, ती शक्य तितक्या लवकर संपवावी, वसाहती थांबवाव्यात, भरपाई द्यावी, असं ते सांगतं. आणि पुढे सांगतं ते इतर सगळ्या देशांना: ही स्थिती मान्य करू नका, ती टिकवायला मदत करू नका.

हे ‘मत’ आहे, बंधनकारक निकाल नाही, म्हणून ते उडवून लावणारे पुष्कळ आहेत. त्यांना नामिबिया दाखवावा. १९७१ मध्ये याच आयसीजेने असंच मत दिलं होतं, की नामिबियातली दक्षिण आफ्रिकेची उपस्थिती बेकायदा आहे. प्रिटोरियाने ते धुडकावलं. पण त्यानंतर नामिबियाशी केलेला प्रत्येक व्यवहार बेकायदा सत्तेशी केलेला व्यवहार ठरू लागला, आणि जगभरच्या वर्णद्वेषविरोधी चळवळींना हातात धरायला कागद मिळाला. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला. लागली एकोणीस वर्षं. तेव्हा ज्याच्याविरुद्ध मत गेलं तो देश आज वादी म्हणून उभा आहे, आणि त्याला उभं राहता येतं कारण २०१९ मध्ये गॅम्बियाने म्यानमारविरुद्ध रोहिंग्यांसाठी दावा लावून वाट पाडून ठेवली होती: नरसंहार रोखणं हे करारातल्या प्रत्येक देशाचं हित, झळ आपल्याला बसलेली असो वा नसो.

भारतापुरतं पाहायचं तर आयसीसीचं वॉरंट आपल्यावर बंधनकारक नाही; आपण सदस्य नाही. आयसीजेचं मत मात्र आपल्यालाही उद्देशून आहे. नेमका हाच धागा धरून इस्रायलला होणारी शस्त्रांची निर्यात थांबवावी अशी याचिका आपल्या सर्वोच्च न्यायालयात आली होती, आयसीजेच्या आदेशांचा आधार घेऊन. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ९ सप्टेंबर २०२४ ला ती फेटाळली: परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत. नऊ दिवसांनी, १८ सप्टेंबरला, आयसीजेच्या मतानुसार बारा महिन्यांत ताबा सोडावा असा ठराव आमसभेत आला. बाजूने १२४, विरोधात १४, तटस्थ ४३. २०१२ मध्ये १३८ मध्ये असलेला भारत या वेळी ४३ मध्ये होता.