जीवशास्त्र न घेणाऱ्यांचं जीवशास्त्र

महाराष्ट्रात कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळलेल्या मुलाचं जीवशास्त्र दहावीच्या ‘विज्ञान भाग २’ बरोबर संपतं. त्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. पुढे हा मुलगा वकील होतो, बँकेत चिकटतो, क्वचित नगरसेवकही होतो. लसीबद्दल, जीएम म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याबद्दल किंवा कोर्टातल्या डीएनए अहवालाबद्दल मत बनवायची वेळ आली की गाठीला असतात त्या सोळाव्या वर्षी पाठ केलेल्या दोन-चार व्याख्या. अमेरिकेत इतिहास घेऊन पदवी करणाऱ्या मुलीलाही बहुतेक कॉलेजांत विज्ञानाचा एखादा कोर्स करावाच लागतो, आणि अनेक जणी त्यासाठी जीवशास्त्र निवडतात. या ‘नॉन-मेजर्स बायॉलॉजी’ची, म्हणजे जीवशास्त्र मुख्य विषय नसलेल्यांच्या जीवशास्त्राची, मुळं मात्र अमेरिकेत नाहीत, लंडनमध्ये आहेत.

‘बायॉलॉजी’ हा शब्द १८०० च्या आसपासचा. तो रूढ झाल्यावरही बरीच वर्षं शिकवण्याचे विषय दोनच राहिले, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. दोन्हींत भर नावं आणि वर्गीकरणावर. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला शाळामास्तरांसाठी प्रात्यक्षिकांसह एक छोटा वर्ग घेतला आणि ही चौकट मोडली. मोजके सजीव घ्यायचे, ते स्वतः कापून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहायचे आणि त्यांतून सगळ्या सजीवसृष्टीचे नियम समजून घ्यायचे. यीस्ट, अमीबा, हायड्रा, शिंपला, क्रेफिश आणि शेवटी बेडूक. १८७५ मध्ये सहायक हेन्री मार्टिन यांच्यासोबत त्याचं पुस्तक निघालं, आणि पुढच्याच वर्षी मार्टिन ते डोक्यात घेऊन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले.

वर्ग होता मास्तरांसाठी, म्हणजे जे संशोधक होणार नव्हते त्यांच्यासाठी. पण ही पद्धत इतकी सोयीची निघाली की प्राणिशास्त्राच्या पदवीचाच ती कणा बनली. आपल्या बी.एस्सी.च्या जर्नलमधला बेडूक त्याच घराण्यातला. गांडूळ आणि झुरळ ही नंतरची भर. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१४ मध्ये विच्छेदन बंद करायला सांगेपर्यंत मेणाच्या ट्रेवर टाचण्या टोचणं चालूच होतं. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप सुरू झाला, ते इतर लोक बाहेरच राहिले.

अमेरिकेत त्यांना आत आणण्याची गरज वेगळ्याच कारणाने भासली. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. आपापल्या आवडीचे विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी तिथे रुजवली. निवड आली तशी पळवाटही आली, आणि विज्ञानाला वळसा घालून पदवी मिळू लागली. त्यावरचा उतारा म्हणून शिकागो विद्यापीठाने १९३१ मध्ये सगळ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी चार सर्वसाधारण अभ्यासक्रम आखले. त्यांतला एक पूर्णपणे जीवशास्त्राचा होता.

इथे जो वाद सुरू झाला तो आजही मिटलेला नाही. तज्ज्ञाच्या कोर्समध्ये पाणी घालून वाढलं की झालं सामान्य माणसाचं जीवशास्त्र, असं मानणारे पुष्कळ होते. अशा पातळ आमटीत शब्द सगळे असतात, चव नसते. हार्वर्डच्या समितीने १९४५ च्या अहवालात याला विरोध केला. भावी शास्त्रज्ञाची पहिली पायरी हेच इतरांचं सामान्य शिक्षण होऊ शकत नाही, असा तिचा रोख होता. हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स कोनंट स्वतः रसायनशास्त्रज्ञ. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांनी धडे टाळून विज्ञानाच्या इतिहासातल्या खऱ्या घटना घेतल्या. त्या मालिकेत पाश्चरचं किण्वनावरचं, म्हणजे आंबण्याच्या क्रियेवरचं काम होतं, आणि जीव आपोआप उपजतो का, हा पाश्चर आणि भौतिकशास्त्रज्ञ टिंडल यांच्या काळातला वादही. पेशीचे भाग विसरले तरी चालतील, पण एखादी गोष्ट खरी कशावरून ठरली हे कळायला हवं, असा त्यामागचा विचार. मला स्वतःला ही वाट सर्वांत पटते. ती फार कॉलेजांनी धरली नाही, कारण तसं शिकवायला विज्ञान आणि इतिहास दोन्ही मुरलेला मास्तर लागतो.

नंतरच्या टप्प्यांपैकी एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेचा सांगण्याजोगा आहे. १९९३ पासून तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो विमानं बनवणारा असो की अर्थशास्त्र शिकणारा, प्रास्ताविक जीवशास्त्र सक्तीचं झालं. गणित आणि भौतिकशास्त्राच्या पंक्तीत जीवशास्त्राला पाट मिळाला तो रेणूंच्या पातळीवर चाललेल्या क्रांतीमुळे. माणसाचा सगळा डीएनए वाचून काढणारा मानवी जीनोम प्रकल्प तीनच वर्षांपूर्वी सुरू झाला होता. २०११ मध्ये अमेरिकी विज्ञान संघटनेच्या अहवालाने जीवशास्त्राचा सगळा पसारा पाच कल्पनांवर आणला, त्यांत पहिली उत्क्रांती.

भारतात ही कल्पना कागदावर लवकर आली. विद्यापीठ शिक्षणासाठीच्या राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच पदवीला सर्वसाधारण शिक्षणाची शिफारस केली होती. काही विद्यापीठांनी प्रयोगही केले, पण ते रुजले नाहीत. अकरावीला शाखा निवडली की दार बंद, ही सवय जास्त चिवट निघाली.

मग ते दार न्यायालयाने उघडलं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, न्यायालयाला पुन्हा कान पिळावे लागले, आणि यूजीसीने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. तो तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख पुण्याचे डॉ. एरक भरुचा, पेशाने सर्जन. आठ घटक, पन्नास तास, शंभर गुण. त्यांतले पंचवीस गुण क्षेत्रभेटीचे. परिसंस्था, जैवविविधता, लोकसंख्या असं बरंच जीवशास्त्र त्यात आलं. पेशी, जनुक, रोगप्रतिकारशक्ती बाहेर राहिली. क्षेत्रभेटीचं पुढे काय झालं हे कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारावं. ‘ईव्हीएसचा’, म्हणजे या पर्यावरण विषयाचा प्रोजेक्ट त्याच्याकडे तयार मिळतो, फक्त नाव आणि रोल नंबर घालायचा.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचा विषय) हे शब्द आपल्या कॉलेजांत आणले आहेत. इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचा घ्यायचा, म्हणजे बी.कॉम.चा विद्यार्थी प्राणिशास्त्र विभागाच्या वर्गात बसू शकतो. विभागही मधमाशीपालन, गांडूळखत असे विषय पुढे करतात. बी.एस्सी.च्या ट्रेवरून उठलेलं गांडूळ आता कॉमर्सच्या वर्गात आलं आहे, या खेपेला जिवंत.