शेजारचा उपग्रह आपल्या डिशमध्ये का शिरतो

साताऱ्यात टीव्हीचा मनोरा अजिंक्यताऱ्यावर आहे. साध्या अँटेनाच्या काळात तिचं तोंड गडाकडे केलं की काम भागायचं. छतावर छत्री आली आणि नेम थेट आभाळात धरावा लागला, तोही विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या एका बिंदूवर, जिथे उपग्रह आपल्याला एका जागी स्थिर दिसतो.

उपग्रहांच्या अशा बिंदूंमधलं अंतर सुरुवातीला ऐसपैस ठरलं होतं. घरगुती उपग्रह प्रसारणासाठी १९७७ मध्ये जिनिव्हाला जो आराखडा झाला, त्यात भारत येतो त्या विभागासाठी उपग्रहांमध्ये साधारण ६ अंश सोडले होते. प्रत्यक्षात सेवा आल्या तोवर जागेची ओढाताण सुरू झाली होती. भारतात २००० साली डीटीएचला, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीत येणाऱ्या प्रसारणाला, परवानगी मिळाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा ९५ अंश पूर्व रेखांशावरच्या एनएसएस-६ या उपग्रहावर सुरू झाली. डिश टीव्हीही तिथेच होता. २००७ मध्ये इन्सॅट-४बी हा उपग्रह वर गेला आणि दूरदर्शन ९३.५ अंशांवर सरकलं, डिश टीव्ही जागचा हलला नाही. सन डायरेक्टने पुढे ९१.५ धरलं. तीन शेजारी आणि मध्ये जेमतेम दीड-दोन अंश! आजच्या घोळाचं मूळ इथेच आहे.

कारण ६० सेंटिमीटरच्या ताटलीची नजर सुमारे ३ अंश रुंद असते. ती ९३.५ वर अचूक लावली तरी ९५ वाला निम्म्याच्या आसपास जोराने आत येतोच. साताऱ्याहून दोघेही आग्नेयेला दिसतात, एक जमिनीपासून साडेएकोणसाठ अंश वर, दुसरा त्याच्याहून सव्वा अंश खाली. इतक्या उंचीवर गड आड येत नाही. आड येतात शेजारची पाण्याची टाकी आणि आंब्याच्या फांद्या. दोघांतला फरक ताटलीच्या कडेला मोजला तर सेंटिमीटरही भरत नाही.

म्हणून सेट-टॉप बॉक्स टीव्हीवर दाखवतो त्या स्ट्रेंग्थच्या पट्टीवर विसंबून डिश लावणं मला चुकीचंच वाटतं. ती किती जोर येतोय ते सांगते, कोणाचा ते नाही. क्वालिटीची पट्टी मात्र निवडलेल्या फ्रिक्वेन्सीवरचा प्रवाह खरोखर उलगडला तरच चढते. स्ट्रेंग्थ ८० आणि क्वालिटी शून्य दिसली, की बहुधा शेजारी सापडलेला असतो. मग नट किंचित सैल करून ताटली केसभर सरकवायची, बॉक्सला क्षणभर वेळ द्यायचा आणि क्वालिटी सर्वांत वर गेली की एलएनबी, म्हणजे ताटलीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल टिपणारा डबा, थोडा डावी-उजवीकडे फिरवून पाहायचा. नट आवळतानाही ताटली सरकते, तेव्हा ते आलटून पालटून, पट्टीवर डोळा ठेवूनच आवळावेत.