ब्रूट फोर्स लॉगिन हल्ले आणि सर्व्हरचे संरक्षण

ब्रूट फोर्स लॉगिन हल्ला : एखाद्या सर्व्हरवर एकामागून एक पासवर्ड टाकून पाहायचे आणि त्यातला एखादा लागू पडेपर्यंत थांबायचे नाही, असा हल्ल्याचा प्रकार. हे काम माणूस हाताने करीत नाही; त्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम, बहुधा आधीच ताब्यात घेतलेल्या दुसऱ्या संगणकांवरून, रात्रंदिवस ते करतात. नवा सर्व्हर सुरू करून काही तासांनी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला, तर रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी केलेल्या फसलेल्या प्रयत्नांची रांगच दिसते. आपल्याच मागे कोणी हात धुऊन लागले आहे असे नवख्याला वाटते, पण यात वैयक्तिक काही नसते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन मांडले. एकाच संगणकावरून आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे सारे पत्ते पाऊण तासात चाचपता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणून सर्व्हर सापडणार नाही, ही समजूत तेव्हापासून तरी सोडून द्यायला हवी.

‘ब्रूट फोर्स’ हे नाव मात्र थोडे फसवे आहे. फक्त लहान इंग्रजी अक्षरे वापरली तरी आठ अक्षरी पासवर्ड सुमारे २०,८८३ कोटी होतात. सेकंदाला दहा प्रयत्न या वेगाने ते सगळे तपासायला साडेसहाशेहून अधिक वर्षे लागतील. चोरीला गेलेली हॅश फाइल, म्हणजे पासवर्डांच्या सांकेतिक रूपांची यादी, स्वतःच्या यंत्रावर फोडणे वेगळे. तिथे सेकंदाला कोट्यवधी प्रयत्नही होऊ शकतात. चालू सर्व्हरवर ते शक्य नाही, म्हणून हल्लेखोर सगळे पासवर्ड तपासतच नाहीत. माणसे जे ठेवतात तेवढेच तपासतात. १९८८ मधल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमजवळ अवघ्या ४३२ शब्दांची यादी होती. २०१६ मध्ये मिराय बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) कॅमेरे आणि राउटर यांसारखी लाखो उपकरणे बळकावली, ती कारखान्यातून ठरून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांवर. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या स्वरूपात फुटले आणि अंदाज बांधणाऱ्यांना आयता कोश मिळाला. याच कुळात आणखी दोन प्रकार येतात. एका ठिकाणाहून फुटलेली नाव-पासवर्डाची जोडी दुसरीकडे लावून पाहणे म्हणजे क्रेडेन्शियल स्टफिंग. एकच सोपा पासवर्ड शेकडो खात्यांवर फिरवणे म्हणजे पासवर्ड स्प्रेइंग.

त्यामुळे बचावाचा सर्वांत पक्का उपाय म्हणजे अंदाज करण्याजोगे काही शिल्लकच न ठेवणे. नेटवर्कवरून पासवर्ड टिपले जात आहेत हे पाहून फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याचे साधन लिहिले. त्याने वाटेतली चोरी थांबली. दारात उभे राहून अंदाज बांधणे थांबले नाही. एसएसएचमध्ये पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. खाजगी किल्ली आपल्या संगणकावर राहते, तिची सार्वजनिक जोड सर्व्हरवर ठेवतात. एडी२५५१९ प्रकारची किल्ली अंदाजाने सापडण्याची शक्यता व्यवहारात शून्य. पण किल्ली बसवून काम संपत नाही, पासवर्डाने प्रवेश बंदही करावा लागतो, आणि नेमके इथेच गाडे अडते. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’ या सेटिंगला नकार देऊनही ‘केबीडी इंटरॅक्टिव्ह’ या प्रश्नोत्तरी प्रवेशाची वाट उघडी राहिली, तर पॅम या लिनक्सच्या ओळख-तपासणी यंत्रणेमार्फत पासवर्ड पुन्हा विचारला जातो. शिवाय सेटिंगच्या मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच जोडलेल्या उपफायलींमध्ये वेगळी किंमत असेल, तर आधी वाचलेलीच लागू होते. फाइलमध्ये काय लिहिले आहे यावर विसंबू नये. चालू सेटिंग एसएसएचडीकडूनच, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएचच्या प्रोग्रॅमकडूनच, छापून घ्यावे. आणि हा बदल करताना एक जुने सत्र उघडे ठेवावे, नाहीतर स्वतःच बाहेर राहण्याची पाळी येते.

पासवर्ड ठेवणे भागच असेल, तर प्रयत्नांच्या वेगाला लगाम घालावा लागतो. फेलटूबॅन हा पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम लॉगवर नजर ठेवतो. मूळ सेटिंगनुसार एका पत्त्यावरून दहा मिनिटांत पाच प्रयत्न फसले, की फायरवॉलमध्ये त्या पत्त्याला दहा मिनिटे बंदी होते. साधन चांगले आहे, पण त्याची मर्यादा ओळखायला हवी. हजारो पत्त्यांवरून प्रत्येकी दोन-तीनच प्रयत्न आले, तर त्याला काहीच दिसत नाही. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत एका ग्राहकाला पत्त्यांचा अख्खा गठ्ठा मिळतो, तेव्हा एकेक पत्ता अडवून उपयोग नाही. सर्व्हर प्रॉक्सीमागे, म्हणजे विनंत्या पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे, असेल आणि लॉगमध्ये प्रॉक्सीचाच पत्ता पडत असेल, तर बंदी प्रॉक्सीवर येते आणि सगळेच वापरकर्ते एकदम बाहेर फेकले जातात. एसएसएचची सर्रास वापरली जाणारी आवृत्ती ओपनएसएसएच; २०२४ मध्ये आलेल्या तिच्या ९.८ पासून, वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ नाकारण्याची सोय एसएसएचडीमध्येच आहे.

ठरावीक चुकांनंतर खातेच गोठवणे हा उपाय दुधारी ठरतो. कोणाचेही नाव घेऊन मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकले, की खऱ्या मालकाला बाहेर ठेवता येते. खाते कायमचे बंद करण्यापेक्षा दर चुकीमागे थांबण्याचा वेळ वाढवत नेणे बरे.

एसएसएचचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचा त्याच्या दाराचा क्रमांक, २२ बदलून दुसरे ठेवावे का, हा न संपणारा वाद. लॉगमधला गोंगाट त्याने खरोखर कमी होतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही. त्याहून उपयोगी म्हणजे ते पोर्ट जगाला दिसूच न देणे : प्रवेश फक्त व्हीपीएन या खाजगी, सांकेतिक वाटेतून किंवा ठरलेल्या पत्त्यांवरून. विंडोज सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉपला, म्हणजे पोर्ट ३३८९ ला, हाच नियम अधिक कडकपणे लावावा.

वेबवरच्या लॉगिन पानांना आणखी एक फट असते. संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेसच्या एक्सएमएल-आरपीसी या, दुसऱ्या प्रोग्रॅममधून आज्ञा देण्याच्या, सोयीतून एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड तपासले जात. केवळ विनंत्या मोजणाऱ्या पहारेकऱ्याला तो एकच प्रयत्न वाटे. पासवर्डानंतरच्या दुसऱ्या टप्प्यासाठीच्या सहा अंकी, दर ३० सेकंदांनी बदलणाऱ्या कोडलाही प्रयत्नांची मर्यादा हवीच, कारण सहा अंकांच्या शक्यता जेमतेम दहा लाख.

लॉग वाचताना लक्ष बहुधा फसलेल्या प्रयत्नांच्या ढिगाकडे जाते. शोधायची असते ती दुसरीच ओळ : त्याच पत्त्यावरून, तशाच रांगेनंतर, एकदाच यशस्वी झालेले लॉगिन.