वळू चांगला, पण कशासाठी? सिलेक्शन इंडेक्समागची गोष्ट

बेळगाव जिल्ह्यातल्या चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत खिलार खोंडांच्या दावणीपाशी जरा वेळ उभं राहा. जाणता गिऱ्हाईक जनावराभोवती एक फेरी मारतो, कातडी चिमटीत धरून सोडतो, खुरं बघतो, ओठ वर करून दात मोजतो, चार पावलं चालवायला लावतो आणि मग उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव. पाच मिनिटांत पंधरा-वीस गोष्टींची बेरीज-वजाबाकी डोक्यात होते आणि आकडा निघतो एकच. सिलेक्शन इंडेक्स म्हणजे हेच काम, फक्त डोक्यातलं काढून कागदावर मांडलेलं, आणि जनावर कसं दिसतं यापेक्षा त्याची पोरं कशी निघतील यावर जास्त भर.

गंमत म्हणजे याची सुरुवात गुरांपासून नाही, गव्हापासून झाली. 1936 साली फेअरफिल्ड स्मिथने गव्हाचे वाण निवडताना एकाच वेळी अनेक गुण कसे तोलायचे याचं गणित मांडलं. ते जनावरांकडे आणलं लॅनॉय हेझलने, 1943 मध्ये, अमेरिकेतल्या आयोवात, तेही डुकरांवरचं काम करताना. त्याचे गुरू जे. एल. लश, पशुपैदाशीच्या शास्त्रातलं मोठं नाव. या दोघांनी आदल्याच वर्षी निवडीच्या तीन पद्धती तोलून बघितल्या होत्या. एक, आधी एकच गुण सुधारायचा, तो झाला की दुसरा. दोन, प्रत्येक गुणाला पासिंगचे मार्क ठरवायचे आणि एकात जरी नापास तरी जनावर बाद. तीन, सगळ्या गुणांना वजन देऊन एकच बेरीज करायची. तिसरी सरस ठरली.

आमचा आज्जा दुसऱ्या पद्धतीतला. अंगावरच्या केसांचा भोवरा चुकीच्या जागी दिसला की खोंड कितीही देखणा असो, विषय संपला! (भोवऱ्याला अगदीच हसू नका. जनावरांच्या वागण्याच्या अमेरिकन अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांच्या 1995 च्या अभ्यासात कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर असलेली जनावरं जास्त बिथरणारी निघाली होती. अर्थात आज्जाचा भोवरा लक्ष्मी येणार का जाणार यासाठीचा, तो हिशोब वेगळा.)

बीफच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या गुरांत ही बेरीज का लागली ते अमेरिकेतल्या दोन चुकांवरून कळतं. 1940-50 च्या दशकांत तिकडच्या प्रदर्शनांत बुटकी, गोल, गुटगुटीत जनावरं बक्षिसं मारायची, मग सगळे तसलेच वळू वापरायला लागले आणि हेरफर्ड, अँगस या बीफच्या जातींमध्ये खुजी, धापा टाकणारी वासरं जन्माला यायला लागली, कारण त्या ठेंगण्या वळूंबरोबर खुजेपणाचा लपलेला जीनही कळपाकळपात पसरला होता. मग गाडी उलटी फिरली, 70-80 च्या दशकांत उंच तेवढं भारी, शेवटी गायी एवढ्या धिप्पाड झाल्या की चाऱ्याचा खर्च झेपेना. दोन्ही वेळेला चूक तीच, एका गुणामागे धावणं. त्यात गुण एकमेकांना बांधलेले असतात. वर्षाच्या वासराचं वजन वाढवायला गेलं की जन्माचं वजनही मागोमाग वाढतं आणि गाय अडते. इंडेक्सच्या गणितात ही बांधणी धरलेली असते, नुसते मार्क जोडले की झालं असं ते नाही.

मधल्या काळात चार्ल्स हेंडरसनने कॉर्नेलमध्ये ब्लप नावाची पद्धत बसवली. चारा-पाण्याचा, गोठ्याचा परिणाम बाजूला काढून नातेवाईकांच्या नोंदींवरून वळूच्या रक्ताची किंमत काढायची. 1971 ला अमेरिकेत सिमेंटल जातीची वळूंची पहिली राष्ट्रीय यादी निघाली, 1985 ला ऑस्ट्रेलियात असेच आकडे काढणारं ब्रीडप्लॅन सुरू झालं. पण याद्यांत प्रत्येक गुणाचा आकडा वेगळा, शेतकरी गोंधळणारच. मग 2004 मध्ये अमेरिकन अँगसवाल्यांनी थेट डॉलरमधले इंडेक्स काढले. त्यातला डॉलर-बीफ सगळ्यात गाजला.

आणि इथंच खरी मेख आहे. डॉलर-बीफ धरून चालतो की सगळी वासरं शेवटी मांसासाठीच जाणार. ज्याला कालवडी ठेवून कळप वाढवायचाय त्याने तोच आकडा बघून वळू घेतला तर काही वर्षांनी गोठ्यात मोठाल्या, खादाड गायी उभ्या. इंडेक्स खोटा नव्हता, तो दुसऱ्याच्या धंद्यासाठी होता.

हे आपल्याकडं इंडेक्सशिवायच घडून गेलंय. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या काळ्या रानासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सांगलीकर आणि आसपासच्या संस्थानिकांनी कृष्णा व्हॅली ही जात घडवली, गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसुरी रक्त एकत्र करून, असं सांगतात. वजन एकाच गुणाला, चिकट मातीत जड नांगर ओढायची ताकद. ट्रॅक्टर आला, त्या गुणाची किंमत शून्यावर गेली, आणि चिकोडी-अथणीकडं आता शंभर गोठे फिरलात तरी ही गाय दिसेलच असं नाही. तिकडं अमेरिकेत ब्रह्मन नावाची (दचकू नका, जातीचंच नाव आहे) बीफची जात बनली तिच्यात मात्र गीर, कांकरेज, ओंगोलबरोबर कृष्णा व्हॅलीचंही रक्त गेलं. रक्त तेच, बाजार बदलला तशी किंमत बदलली.

2001 मध्ये मॉइविसन, हेज आणि गोडार्ड यांनी जिनोमिक निवडीचं, म्हणजे थेट डीएनए वाचून जनावर निवडायचं गणित मांडलं, 2009 मध्ये एका हेरफर्ड गायीवरून गुरांचा अख्खा जिनोम (डीएनएचा पूर्ण आराखडा) छापून आला, आणि आता वासराच्या केसांच्या मुळांवरूनही अंदाज काढता येतो. आपल्याकडं अशा डीएनए तपासणीच्या चिप, गायींसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप, 5 ऑक्टोबर 2024 ला वाशिममध्ये जाहीर झाली.

बीफचा इंडेक्स जसाच्या तसा इथं कुणाच्या कामाचा नाही, कर्नाटकाच्या 2020 च्या कायद्यानं गायीबैलांची कत्तल बंद आहे, मांसासाठी सूट आहे ती फक्त 13 वर्षांवरच्या म्हशींना. आमचा इंडेक्स करायचा तर त्यात दूध येईल, फॅट येईल, उन्हात टिकणं येईल, शर्यतवाल्यांचा पळ येईल, त्यांचं वजन कोण ठरवणार यावर तर कट्ट्यावर एक रात्र जाईल. सध्या डॉक्टर नायट्रोजनची टाकी घेऊन दारात येतात आणि विचारतात, "एचएफची कांडी घालू का जर्सीची?" एचएफ आणि जर्सी या दुधाच्या विदेशी जाती, कांडी म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो आमच्यात कोणी वाचत नाही. आमच्या गायीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, पण तिची तीन वासरं झाली, जन्मल्यावर एकालाही काट्यावर घातलेलं नाही.